घरात जुना रविवर्मा सापडला तर काय करायचं

बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, कुठल्याही गल्लीत जावा, जुनी कौलारू घरं पाडून आरसीसी बांधायचं काम चालूच आहे. घर मोकळं करताना माडीवरनं काय काय निघतं, तांब्याचे हंडे आणि पितळी समया भाऊभाऊ लगेच वाटून घेतात, पण काच तडकलेले लक्ष्मी-सरस्वतीचे फोटो कुणालाच नको असतात. मग कुणीतरी म्हणतंय, देवाचा फोटो कचऱ्यात कशाला टाकायचा, जा, पिंपळाच्या पारावर ठेवून ये. पहिल्या वळवाच्या पावसात त्याचा लगदा होतोय आणि विषय संपतोय.

तर माझं एवढंच म्हणणं आहे की पारावर ठेवायच्या आधी त्या फोटोला अर्धा तास द्या. त्यातला एखादा राजा रविवर्म्यांचा छापील फोटो असायची चांगलीच शक्यता असते, आणि तो असला तर तुमच्या हातात नुसता देवाचा फोटो नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी एका मोठ्या चित्रकारानं मुद्दाम आपल्यासारख्या साध्या घरांसाठी छापून घेतलेली वस्तू आहे. ती ओळखायची कशी, त्यात बघायचं काय आणि आपल्या पावसात टिकवायची कशी हे खाली सांगतो. आर्ट स्कूलला जायची गरज नाही, एक भिंग आणि थोडा धीर पुरे.

आधी फ्रेम, आणि घाई नको

फ्रेम हातात आली की आधी मोबाईलवर पुढून मागून फोटो काढून ठेवा. मागे कधी कधी फ्रेमवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी असते, कुणी पेन्सिलीनं तारीख लिहिलेली असते, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते असतं, आणि मागची फळी काढताना हेच सगळं पहिल्यांदा फाटतं. मग जमिनीवर जाड चादर घालून फ्रेम पालथी ठेवा आणि मागचे खिळे पक्कडीनं एकेक करून सरळ ओढा, स्क्रू ड्रायव्हर घालून फळी उचकटायच्या भानगडीत पडू नका, जुनं लाकूड कडेनं फुटतं आणि त्याची ढलपी थेट चित्रात घुसते.

चित्र काचेला चिकटलं असेल तर तिथंच थांबा! आपल्याकडं हे फार होतं, खानापूर साईडला तर जास्तच, चार महिने भिंत ओली, काच आणि कागद यांच्यात जागा नाही, मग वरचं वॉर्निश मऊ होऊन काचेला धरतं. अशा वेळी ओढलं की लक्ष्मीचं तोंड काचेवर आणि उरलेली लक्ष्मी कागदावर. काचेसकट राहू दे तसंच. ते सोडवणं हे जुने कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं काम आहे, घरी वाफ देऊन बघायचं नाही, यूट्यूबवर काहीही दाखवत असले तरी.

ओळखायचं कसं

पहिल्यांदा खालची कड बघा. चित्राच्या खाली पांढरी पट्टी असते, तिच्यावर देवनागरीत किंवा इंग्रजीत चित्राचं नाव आणि बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. तिथं रविवर्मा प्रेस, मुंबई किंवा कार्ला-लोणावळा असं काही वाचता आलं तर बरोबर वाटेवर आहात. काहींवर मुंबईच्या मोती बाजारातल्या अनंत शिवाजी देसाई यांचं नाव दिसतं, ते या चित्रांचे मोठे विक्रेते होते. पण खूपदा ही पट्टी गायब असते, कारण फ्रेम लहान, चित्र मोठं, फ्रेमवाल्यानं कात्री चालवली आणि झालं. त्यामुळं पट्टी नाही म्हणून लगेच नाराज व्हायचं नाही. माप घेऊन बघा, साधारण ५० बाय ७० सेंटीमीटर किंवा त्याच्या निम्मं, ३५ बाय ५०, ही दोन मापं जास्त दिसतात, कापलेलं असलं तर थोडं कमी.

दुसरं, भिंग. सोनाराकडं असतं तसलं किंवा घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं चालेल, नाहीतर मोबाईलचा मॅक्रो मोड. देवीच्या गालावर भिंग धरा, कारण गालावरच्या सावलीत छपाई सगळ्यात लवकर पकडली जाते. आजकालच्या ऑफसेट छपाईत ठिपके एकदम शिस्तीत, ओळीनं, गोल गोल फुलांसारखे पडलेले दिसतात. जुन्या दगडी छपाईत ते तसे नसतात, रवा सांडल्यागत दिसतात, कुठं दाट, कुठं विरळ, एक ठिपका मोठा एक लहान, कारण ते माणसानं हातानं दगडावर काढलेले असतात. ही पद्धत अशी होती की मूळ तैलचित्र बघून कारागीर एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचे, गुलाबीचा वेगळा, पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा, आणि तोच कागद एकेका दगडावरनं पुन्हा पुन्हा काढायचे. एखादा दगड केसभर सरकला की ओठाचा लाल रंग ओठाबाहेर आलेला दिसतो. असला सरकलेला रंग दिसला तर मला तरी आनंदच होतो, कारण संगणकावरनं काढलेल्या नव्या प्रिंटमध्ये ही चूक शक्यतो सापडत नाही (जुन्याची कॉपी स्कॅन करून काढली असेल तर चूकही स्कॅन होते, पण मग वरनं इंकजेटचे किंवा ऑफसेटचे ठिपके दिसतातच).

तिसरं, तिरपा उजेड. खोलीत अंधार करा आणि टॉर्च चित्राच्या कडेनं जवळजवळ आडवी धरा. चित्राच्या अंगावर कॅनव्हासच्या विणीसारखी खरखर उठलेली दिसली आणि वरती पिवळसर तपकिरी झालेलं वॉर्निश चमकलं तर हे ओलिओग्राफ आहे. तैलचित्र वाटावं म्हणून छापल्यावर कागदावर असला उठाव देत होते आणि वॉर्निश मारत होते. साधी खेळी वाटेल, पण तीसचाळीस रुपये पगारातल्या माणसाला राजवाड्यातल्यासारखं चित्र भिंतीवर हवं होतं आणि हा त्यातला सोपा मार्ग होता.

आणि एक प्रकार आहे, तो सापडला तर जपाच. त्या काळी घरातल्या बायका छापील देवीला खरं कापड, जर, टिकल्या, मणी शिवायच्या. देवीचा चेहरा आणि हात छापील, साडी मात्र खऱ्या जरीची. शहापूरसारख्या विणकरांच्या गावात असलं काही सापडलं आणि जर पण इथलीच निघाली तर त्याला दोन बाजूंनी किंमत आहे, एक रविवर्म्यांची आणि एक त्या आज्जीच्या हाताची.

छापखान्याचा की चित्रकाराचा?

इथं फार घोळ होतो म्हणून जरा सविस्तर. रविवर्मा १८४८ साली त्रावणकोरातल्या किळिमानूरला जन्मले आणि १९०६ साली गेले. त्यांच्या चित्रांना मागणी एवढी वाढली होती की त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी त्यांना १८८४ साली सुचवलं होतं, दोन हातांनी किती लोकांना पुरणार, चित्रं छापून घ्या. पुढं १८९४ साली मुंबईत त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, यंत्रं जर्मनीची, आणि शकुंतलेचा जन्म हे त्यातनं निघालेलं पहिलं चित्र. मग छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण धंदा काही झेपला नाही, कर्ज झालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर नावाच्या तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. छापखाना नंतरही कितीतरी वर्षं चालला, दुसऱ्या चित्रकारांची चित्रं पण त्याच नावानं निघाली, चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची चित्रं सुद्धा तिथं छापली गेली. म्हणून खाली रविवर्मा प्रेस लिहिलंय म्हणजे ते चित्र रविवर्म्यांनी काढलंय असं नव्हे. नाव छापखान्याचं आहे, हात कुणाचा ते चित्र बघूनच ठरवायचं.

इतर मंडळी पण गर्दीत मिसळलेली असतात. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालची, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी काढलेली, म्हणजे रविवर्म्यांच्या छापखान्याच्या आधीची, तिची चित्रं आपल्याकडं भरपूर आली, ती जरा चपटी असतात, रंग भडक, सगळे देव एका रांगेत समोर बघत उभे. याच्या उलट नंतरच्या कॅलेंडरातले मुळगावकर, म्हणजे गोव्याचे रघुवीर मुळगावकर, त्यांच्या देवांच्या अंगातनं मऊ धुक्यासारखा उजेड येतो, गाल गुळगुळीत, पापण्या लांब. कलबुर्गीचे एस. एम. पंडित यांचे देव व्यायाम केलेले, दंडाचे स्नायू टरटरीत. तुमच्या घरातल्या हनुमानाच्या दंडावर शिरा दिसत असतील तर तो रविवर्म्यांचा असायची शक्यता कमीच.

आता चित्र वाचायचं. सुरुवात साडीपासून करा

लोक आधी चेहरा बघतात. मी सांगतो, आधी साडी बघा, कारण रविवर्म्यांनी सगळ्यात जास्त डोकं तिथंच लावलंय. १८८८ च्या सुमाराला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना राजवाड्यासाठी पुराणातली चौदा चित्रं सांगितली. आता प्रश्न आला, दमयंती, सीता, शकुंतला यांना नेसवायचं काय? केरळातली देवी आणि काशीतली देवी एकाच कापडात लोकांना पटेल असं काय आहे? ते आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा, जे स्वतः उत्तम चित्रकार होते, दोघं उत्तरेत फिरून आले, कपडे आणि चालीरीती बघून आले, आणि शेवटी देवींच्या अंगावर साडी आली, बऱ्याचदा आपल्याकडची काठपदराची, चोळीसकट. आज आपण लक्ष्मी म्हटलं की साडी नेसलेली बाई डोळ्यासमोर आणतो ना, त्यामागं या माणसाचा निर्णय मोठा आहे. त्याच्या आधीच्या कुठल्याही दगडी मूर्तीकडं बघा, मंदिराच्या भिंतीवरची देवी अशी नेसलेली नसते.

१८९६ ची लक्ष्मी घ्या, घरोघरी हीच असते. तलावात कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळं, मागं माळ घेतलेला हत्ती, पाण्यात हंस. आता भिंग पदराच्या काठावर आणा. काठ अंगाच्या वळणाबरोबर वळतोय का बघा, खांद्यावरनं खाली येताना रुंद, दंडामागं गेला की अरुंद, घडीत शिरला की मधेच तुटलेला आणि दुसऱ्या बाजूनं परत बाहेर आलेला. कापडाला वजन आहे. माझ्या ओळखीत एक विणकर मावशी आहेत, त्यांना हे चित्र दाखवलं तर त्यांनी देवीकडं बघितलंच नाही, थेट काठावर बोट ठेवून म्हणाल्या, "जरीची साडी अशीच पडत्या बघ, नकली असती तर फुगून राह्यली असती." दगडावर काम करणाऱ्या कारागिरानं हे बिघडवलं की मात्र लगेच कळतं, काठ सरळ पट्टी मारल्यागत जातो. स्वस्तातल्या नकला पकडायची ही एक चांगली खूण आहे.

सरस्वतीत हे आणखी छान दिसतं कारण साडी पांढरी आहे. पांढऱ्यावर सावली दाखवायची तर रंग कुठला वापरणार? मांडीवर वीणा आहे, तिच्या खालच्या घड्या बघा, त्यात निळसर, राखाडी, थोडा पिवळा असं सगळं आहे, निव्वळ पांढरा अगदी थोड्या जागी, उजेड जिथं थेट पडलाय तिथं. हे त्यांनी युरोपियन तैलचित्रांवरनं उचललं. लहानपणी चित्र काढायला शिकवलं मामांनी, तंजावर पद्धतीचं, सोन्याचा वर्ख आणि चपटे रंग असलेलं. नंतर त्रिवेंद्रमच्या दरबारात आले तेव्हा तिथल्या तैलरंग जाणणाऱ्या चित्रकारानं, रामस्वामी नायकरांनी, शिकवायला नकार दिला, आणि थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार राजाचं चित्र काढायला आला त्यानं फक्त बघायला परवानगी दिली. म्हणजे हा माणूस बराचसा बघून बघून शिकलाय. दोन्ही गोष्टी त्यांच्या चित्रात राहिल्या, तंजावरची दागिन्यांची हौस आणि युरोपची सावली. दागिन्यांवर भिंग धरा, बुगडी, नथ, वाकी, सगळं इतकं नेमकं की सोनाराला ऑर्डर देता येईल.

मग उभं राहणं बघा, म्हणजे नाटक दिसेल

साडी झाली की अंगाची ठेवण. रविवर्म्यांची माणसं क्वचित सरळ उभी असतात. शकुंतला चालता चालता थांबलीय, पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागं वळून बघतेय, आणि सख्यांना सगळं कळतंय. या चित्रात दुष्यंत नाहीच! तो कुठं आहे ते तिच्या नजरेवरनं आपण ठरवायचं. हे नाटकवाल्यांचं तंत्र आहे, रंगमंचावरच्या नटीनं विंगेकडं बघितलं की प्रेक्षक पण विंगेकडं बघतो. मुंबईत असताना दोघं भाऊ नाटकं बघायला जायचे, आणि त्या काळात मराठी संगीत नाटक कसं पेटलं होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. रविवर्म्यांनी अण्णासाहेबांचंच शाकुंतल बघून चित्र काढलं असा काही माझा दावा नाही, पण दोघांनाही त्याच काळात तीच गोष्ट लोकांपुढं उभी करावीशी वाटली, आणि लोकांनी दोन्हीकडं गर्दी केली, हे मला फार बोलकं वाटतं. केरळातल्या कथकळीचा संस्कार पण होताच, हात आणि डोळे यांनी बोलायची सवय तिथली.

सवय लागावी म्हणून एक करा. चित्रातल्या पात्राचा हात झाका, नुसता चेहरा बघा. मग चेहरा झाका, नुसता हात बघा. जटायूवधात रावणाची तलवार पंखावर आणि सीतेनं तोंड झाकून घेतलंय, तिचा चेहरा न दिसता सुद्धा दुःख पोचतं. गंगावतरणात शंकर पाय फाकवून, मान वर करून उभा आहे, गंगेचा भार झेलायच्या तयारीत, तिथं चेहऱ्यापेक्षा पायांवर जास्त भिस्त आहे. हंस-दमयंतीत कठड्यावरचा हंस बोलतोय आणि दमयंती ऐकतेय, तिची मान किती कललीय ते बघा, तेवढ्यात सगळी गोष्ट आली.

चेहऱ्यांचं सांगायचं तर ते खऱ्या बायकांचे आहेत, म्हणूनच जुन्या लोकांना धक्का बसला होता. समोर बाई बसवून त्यावरनं देवी काढणं हे तेव्हा सोपं नव्हतं. गोव्याकडच्या, भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्यावरनं रविवर्म्यांनी आणि धुरंधरांनी चित्रं केली. त्यामुळं देवीच्या चेहऱ्यात ओळखीचं कुणीतरी दिसतंय असं वाटलं तर ते उगीच नाही, इकडच्याच कोकण-गोवा पट्ट्यातल्या चेहऱ्यांची ठेवण त्यात आलीय.

मागचं दृश्य मी तरी पटकन बघून सोडतो. संध्याकाळचं आभाळ, लांब डोंगर, खांब, तळं, हे बरंचसं ठरलेलं असतं आणि छापील चित्रात तर कारागिरांनी अजून ढोबळ केलेलं असतं. निसर्गाच्या कामात धाकट्या भावाचा हात चांगला होता असं म्हणतात.

नावं ठेवणारे पण होते, ते लपवायचं कशाला. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता, बंगालचे चित्रकार, या सगळ्यांचं म्हणणं की हे परदेशी पद्धतीचं, नाटकी, देवांना माणूस करून टाकलेलं काम आहे. नाटकी हा आरोप मला थोडा पटतो, काही चित्रांत सगळेच जण एकदम भावना दाखवायला लागतात आणि दमायला होतं. पण परदेशी? ज्या सरस्वतीसमोर आमच्याकडं मराठी घरात खंडेनवमीला आणि शेजारच्या कन्नड घरात आयुधपूजेला एकाच दिवशी तीच हळदकुंकवाची बोटं लागतात, तिला परदेशी म्हणायचं तर मग आपलं काय उरलं? १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात आणि १८९३ साली शिकागोला या माणसाला बक्षिसं मिळाली ती वेगळी, इकडं पार खेडोपाडी देव्हाऱ्यात जागा मिळाली ती त्याहून वेगळी गोष्ट आहे.

आपल्या हवेत टिकवायचं कसं

आता कामाचं. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, कधीच नाही, कॉलिन पण नाही, आणि लिंबू, बटाटा, ब्रेड असले घरगुती उपाय तर मुळीच नाहीत. चित्रावर धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश, लहान मुलांच्या अंगाला पावडर लावायचा असतो तसला, मधून कडेकडं, हलक्या हातानं. हळदीकुंकवाचे डाग असतील तर राहू देत. ते काढायला गेलात तर खालचा रंग पण निघेल, आणि खरं सांगू का, कुणाच्या तरी बोटांचे आहेत ते, राहिले तर बिघडलं काय?

कसर लागली असेल, म्हणजे ती चंदेरी, सुळकन पळणारी, तर कागदाच्या कडा कुरतडलेल्या दिसतील. कसरीला खळ आवडते, आणि जुन्या फ्रेमच्या मागं पेपर खळीनंच चिकटवलेले असतात. म्हणून तो मागचा कुजका पुठ्ठा आणि रद्दी आधी काढून टाका (चिठ्ठी वगैरे असेल तर वेगळी ठेवा). मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी असते तेव्हा हे काम करायचं, जुलैत फ्रेम उघडून बसू नका. उन्हात वाळत घालायचं नाही, सावलीत, पंख्याखाली, वर जाळीचं कापड टाकून एकदोन दिवस.

नवी फ्रेम करायला देताना फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आणि तो हो म्हणेपर्यंत तिथनं हलायचं नाही. एक, कड कापायची नाही, एक सूत पण नाही, फ्रेम मोठी कर. दोन, लॅमिनेशन नाही आणि प्लायवुडला फेव्हिकॉलनं चिकटवायचं नाही. तीन, काच आणि चित्र यांच्यात जागा सोड, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट घाल, आणि तो माउंट ॲसिड-फ्री पुठ्ठ्याचा पाहिजे. बेळगावात लगेच मिळाला नाही तर ऑनलाईन मागवून स्वतः नेऊन द्या, नाहीतर नेहमीचा करडा पुठ्ठा लावतात आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचा तपकिरी वळ चित्रावर उमटतो. "काय काका, देवाच्या फोटोला एवढं कोण करतंय," असं तो म्हणणारच, म्हणू दे.

टांगायचं कुठं? पश्चिमेच्या भिंतीवर नको, पावसाचा मारा तिकडनंच असतो आणि भिंत पाझरते. समोरनं ऊन येतं तिथं नको. देव्हाऱ्यात, समईच्या डोक्यावर तर नकोच, काजळी आणि तेलाचा थर वॉर्निशवर बसला की निघत नाही. पूजेला हवंच असेल तर चांगला स्कॅन करून त्याची प्रिंट देव्हाऱ्यात लावा आणि मूळ आतल्या खोलीत, घराच्या मधल्या भिंतीवर. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा म्हणजे फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटी राहते आणि मागनं हवा खेळते. एवढ्या एका गोष्टीनं निम्मी बुरशी कमी होते.

विकायचं मनात असेल तर तो तुमचा प्रश्न, पण दारावर आलेल्या भंगारवाल्याला किंवा जुनी वस्तू घेणाऱ्याला लगेच देऊ नका. पट्टी शाबूत, रंग ताजे, उठाव आणि वॉर्निश नीट, अशा प्रतीला चांगले पैसे येतात, फाटक्या कापलेल्याला येत नाहीत, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या प्रती भरपूर असल्यामुळं दुर्मिळ विषय जास्त खातात. फ्लॅट येईल असल्या आशेवर राहू नका. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं १९७९ पासून देशाचा कलाठेवा म्हणून जाहीर आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत, पण त्या यादीत आपली छापील प्रत येत नाही, तेव्हा कुणी कायद्याची भीती घालून स्वस्तात मागत असेल तर त्याला चहा पाजून पाठवा.

मूळ चित्र एकदा बघून या

हे सगळं झालं की एकदा खरं तैलचित्र बघाच, छापील चित्रात कारागिरानं काय गमावलं ते तेव्हा कळतं. आपल्याला सगळ्यात सोयीचं म्हणजे सातारा जिल्ह्यातलं औंध, कोल्हापूर-कराडवरनं गाडीनं दिवसात जाऊन येता येतं, तिथल्या भवानी संग्रहालयात औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी जमवलेली रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. दुसरं म्हैसूर, बेळगावातनं थेट रेल्वे आहे, जगनमोहन राजवाड्यात १८८९ चं वाद्यं घेतलेल्या बायकांचं चित्र बघा, अकरा जणी, प्रत्येकीचा पोषाख वेगळ्या मुलखाचा, त्यात आपल्या नऊवारीतली कुठं बसलीय ते शोधा. तिथंच चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र आहे, ते सावंतवाडीचे, म्हणजे आंबोली घाट उतरलं की आपले शेजारीच. गर्दी त्याच्यासमोर जास्त असते, त्यामुळं रविवर्मा निवांत बघायला मिळतात. जाताना मोबाईलमध्ये घरच्या प्रतीचे फोटो घेऊन जा, गाल आणि काठ जवळनं काढलेले, आणि तिथं समोर उभं राहून ताडून बघा. वडोदऱ्याला जमलं तर लक्ष्मी विलास राजवाडा आणि फत्तेसिंग म्युझियम, सयाजीरावांनी सांगितलेली पुराणातली चित्रं तिकडं आहेत, पण तिकडं एक दिवस पुरत नाही, मुक्कामाच्या तयारीनं जावा.